जुन्या रेक्टरीचं गेस्टहाउस: घराचा इतिहास कागदांतून कसा लावायचा

इंग्लंडच्या खेड्यांतून फिरताना 'द ओल्ड रेक्टरी' किंवा 'द ओल्ड व्हिकरेज' अशी पाटी असलेली घरगुती गेस्टहाउसं जागोजागी दिसतात. ही एकेकाळी गावच्या पाद्र्याची घरं. मालक-मालकीण वर किंवा मागे राहतात, चार-पाच खोल्या पाहुण्यांना, सकाळी भरपेट नाश्ता. दिवाणखान्यात बहुधा एक चौकट टांगलेली असते: घर सोळाव्या शतकातलं, इथून चर्चपर्यंत भुयार होतं, वगैरे. त्यातलं निम्मं ऐकीव असतं. खरा इतिहास काढता येतो, आणि त्यातलं बरंच काम पुण्या-नाशिकला बसूनही होतं. पण इतर जुन्या घरांची रीत इथे चालत नाही.

इतर घराला खरेदीखतांची साखळी असते. पाद्र्याच्या घराला ती नसते, कारण ते घर पाद्र्याचं नव्हतंच, पदाचं होतं. आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखं: वहिवाट करायची, दुरुस्ती करायची, विकायचं मात्र नाही. पहिलं खरेदीखत सापडतं ते चर्चने घर विकलं त्या वर्षीचं, म्हणजे पुष्कळदा १९४५ नंतरचं. त्याआधीचा सगळा माग एकाच प्रश्नाला धरून काढायचा: या घरावर पैसा कोणी आणि कशातून घातला? जिथे पैसा फिरला तिथे बिशपच्या कचेरीने कागद केला, आणि तो कागद बहुधा आजही आहे.

रेक्टर की व्हिकर

गावच्या उत्पन्नाचा दशांश चर्चकडे जायचा. धान्य, गवत, लाकूड हा मोठा दशांश. कोकरं, अंडी, फळं वगैरे लहान. रेक्टरला दोन्ही मिळत. व्हिकरला सहसा फक्त लहान, कारण मोठा एखाद्या मठाकडे आणि मठ बुडाल्यावर जमीनदाराकडे गेलेला असे. तिसरा पर्पेच्युअल क्युरेट, त्याला नेमून दिलेली रक्कम. घराचा आकार यावरून ठरला आहे. तीन मजली, तबेल्यासकट ऐसपैस घर दिसलं तर ते रेक्टरी असण्याचा संभव जास्त. १८६८ च्या कायद्याने पर्पेच्युअल क्युरेटनाही व्हिकर म्हणवून घेता येऊ लागलं. त्यामुळे १८५० च्या कागदात 'पार्सनेज' (पाद्र्याचं घर) आणि १८८० मध्ये 'व्हिकरेज' दिसलं तर घर बदललं असं समजू नका; पाटी बदलली.

उलट फसगतही होते. एकाच गावात पाद्र्याची दोन-तीन घरं होऊन गेलेली असतात. आज 'ओल्ड रेक्टरी' म्हणतात ती १८४० ची, आणि तिच्या आधीची पडझड झालेली रेक्टरी चर्चच्या पलीकडे 'ग्लीब कॉटेज' नावाने उभी. ग्लीब म्हणजे पाद्र्याच्या पदाला जोडलेली जमीन. जुना कागद हाती आला की तो नेमक्या कुठल्या घराचा, हे नकाशावर पक्कं केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नकाशे आधी

१८३६ च्या कायद्याने दशांश धान्याऐवजी रोकडीत घ्यायचा ठरला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत गावोगाव मोजणी झाली. त्यातून निघालेल्या टाइद मॅपवर (टाइद म्हणजे दशांश) प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. सोबतच्या यादीत मालक, कब्जेदार, तुकड्याचं नाव, पीक आणि क्षेत्र दिलेलं असतं. क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये: ४ रूडचा एकर, ४० पर्चचा रूड. मालकाच्या रकान्यात पाद्र्याचं नाव आणि 'ग्लीब' असा शेरा दिसला की घर सापडलं. बहुतेक नकाशांवर राहती घरं लालसर आणि गोठे-कोठारं करड्या रंगात आहेत. राष्ट्रीय प्रत लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे (याद्या आयआर २९, नकाशे आयआर ३०). दुसरी प्रत जिल्ह्याच्या अभिलेखागारात मिळते. मध्य इंग्लंडातल्या पुष्कळ गावांना हा नकाशाच नाही. तिथे सामायिक शेतं वाटून कुंपणं घातली तेव्हाच दशांशाच्या बदल्यात जमीन दिली गेली होती, म्हणून तिथे त्या वाटणीचा निवाडा आणि त्याचा नकाशा मागायचा.

त्यानंतर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे २५ इंची (मैलाला २५ इंच) नकाशे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट आहेत आणि आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहता येतात. घराचा आराखडा एका आवृत्तीत चौकोनी आणि पुढच्या आवृत्तीत एल आकाराचा असेल, तर ती बाजू त्या दोन तारखांच्या मध्ये वाढली. 'पी' म्हणजे हातपंप, 'डब्ल्यू' म्हणजे विहीर, आडव्या-उभ्या रेघांनी भरलेला तुकडा म्हणजे काचघर. यॉर्कशायरमधल्या हॉवर्थची पार्सनेज १७७८-७९ मध्ये बांधली गेली. शार्लट आणि एमिली या कादंबरीकार बहिणींचे वडील पॅट्रिक ब्राँटी तिथे १८२० ते १८६१ पर्यंत पर्पेच्युअल क्युरेट होते. आज समोरून उजवीकडे दिसणारी त्रिकोणी माथ्याची बाजू मात्र त्यांच्यानंतर आलेल्या जॉन वेड यांनी १८७८ मध्ये जोडली. ब्राँटी कुटुंबाने ती पाहिलीच नाही. तुमच्या गेस्टहाउसमधल्या 'सगळ्यात जुन्या खोली'चंही असंच असू शकतं.

कुठल्या बिशपचे कागद?

कागद आजच्या धर्मप्रांतात नसून त्या काळच्या धर्मप्रांताच्या दफ्तरात असतात, आणि सीमा बदलत गेल्या आहेत. नॉटिंगहॅमशायर १८३७ पर्यंत यॉर्ककडे होता, मग लिंकनकडे गेला, १८८४ मध्ये साउथवेलचा नवा धर्मप्रांत झाला. तिथल्या एका रेक्टरीचे कागद तीन शहरांत विखुरलेले असतात. बर्कशायर १८३६ मध्ये सॉल्झबरीकडून ऑक्सफर्डकडे गेला. 'काहीच सापडलं नाही' म्हणून लोक सोडून देतात त्याचं मोठं कारण हेच.

नॅशनल आर्काइव्ह्जच्या डिस्कव्हरी या सूचीत देशभरातल्या अभिलेखागारांच्या नोंदी आहेत. गावाचं नाव टाकून त्यापुढे एकेक शब्द बदलत शोधा: ग्लीब, टेरियर, पार्सनेज, फॅकल्टी, मॉर्गेज, डायलॅपिडेशन्स (नवे शब्द पुढे उलगडतील). फक्त 'रेक्टरी' टाकलंत तर हजार निरर्थक नोंदी येतील. प्रत्यक्ष जाणार असाल तर दस्तऐवज आधी मागवून ठेवा, पेन्सिल न्या (पेन आत चालत नाही), आणि फोटो काढायचे दिवसाचे पैसे विचारून घ्या.

टेरियर: घराचं जुनं वर्णन

१६०४ च्या चर्च नियमांनी प्रत्येक गावाने ग्लीब जमीन आणि पाद्र्याचं घर यांची यादी बिशपकडे द्यायची होती. तिला ग्लीब टेरियर म्हणतात. चांगल्या टेरियरमध्ये घर किती 'बे'चं (म्हणजे छपराच्या दोन कैच्यांमधला एक गाळा), कुठल्या खोलीत मातीची जमीन, कुठे फळ्या, कुठे भिंतीला लाकडी अस्तर, धान्याचं कोठार केवढं, छप्पर गवताचं की कौलाचं, हे सगळं लिहिलेलं असतं. खाली पाद्र्याची आणि चर्चवॉर्डनांची (गावातून निवडलेल्या चर्चच्या कारभाऱ्यांची) सही.

धोका एकच, पण मोठा: पुष्कळ टेरियर मागच्यावरून उतरवून काढलेली असतात. १७२७ च्या यादीतली वाक्यं १६९४ च्या यादीशी शब्दशः जुळत असतील तर ती १७२७ ची साक्ष नव्हे. म्हणून एक टेरियर वाचून थांबायचं नाही; मिळतील तितकी ओळीने लावायची आणि वर्णन कुठे *बदलतं* ते पाहायचं. 'तीन बे, गवती छप्पर' जाऊन 'विटांचं, कौलारू' आलं की त्या दोन तारखांमध्ये काम झालं. पडताळ्याला चूलकराच्या याद्या आहेत. १६६२ ते १६८९ या काळात दर चुलीमागे वर्षाला २ शिलिंग कर होता. पाद्र्याच्या नावापुढचा चुलींचा आकडा टेरियरमधल्या खोल्यांशी ताडून पाहा.

पैसा: खरा खजिना इथे

सुरुवातीला घर बांधायचं तर पाद्र्याच्याच खिशातून. लिंकनशायरमधल्या एपवर्थची रेक्टरी ९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री जळाली. पुढे मेथडिस्ट पंथ काढणाऱ्या, तेव्हा पाच वर्षांच्या जॉन वेस्लीला खिडकीतून बाहेर काढलं, आणि आधीच कर्जात असलेल्या त्याच्या रेक्टर वडिलांना घर स्वतःच पुन्हा उभारावं लागलं. अशा बांधकामाला बिशपच्या न्यायालयाची परवानगी लागे, तिला फॅकल्टी म्हणतात. अठराव्या शतकातल्या फॅकल्टीला कधीकधी आराखडाही जोडलेला असतो.

१७७६ मध्ये गिल्बर्टचा कायदा आला आणि कर्जाची सोय झाली. पदाच्या निव्वळ उत्पन्नाच्या दोन वर्षांइतकी रक्कम, पुढचं उत्पन्न गहाण ठेवून, काढता येऊ लागली. पाद्री बदलला तरी हप्ते पुढच्याने भरायचे. क्वीन ॲन्स बाउंटी हा १७०४ चा निधी मोठा सावकार ठरला. गरीब पाद्र्यांचं उत्पन्न वाढवायला काढलेला निधी शेवटी त्यांच्या घरांचं कर्ज देऊ लागला. यामुळेच इंग्लंडातल्या इतक्या रेक्टऱ्या १७८० ते १८६० च्या दरम्यानच्या आहेत. तुमचं घर समोरून तसं दिसत असेल तर सर्वांत आधी हेच पुडकं शोधा.

जिल्ह्याच्या अभिलेखागारात ते 'मॉर्गेजेस अंडर गिल्बर्ट्स ॲक्ट्स' किंवा 'पार्सनेज हाउस पेपर्स' अशा नावाखाली असतं. क्वीन ॲन्स बाउंटीकडचे कागद लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस लायब्ररीत. पूर्ण पुडक्यात जुन्या घराची अवस्था सांगणारा बांधकाम-जाणकाराचा शपथेवरचा दाखला, नव्या घराचे नकाशे, दगड-विटा-लाकूड-शिशाचा बाबवार अंदाज, पदाचं वार्षिक उत्पन्न, गहाणखत आणि नशीब असेल तर खर्चाचा हिशेब असतो. चर्चच्या इमारतींना मदत देणाऱ्या इन्कॉर्पोरेटेड चर्च बिल्डिंग सोसायटीच्या नकाशांत मात्र वेळ घालवू नका. ती मदत चर्चसाठी होती, पाद्र्याच्या घरांसाठी नाही.

हे कागद वाचताना तीन गोष्टी सांभाळा. शपथेवरच्या दाखल्यात जुनं घर 'मोडकळीला आलेलं, राहण्यास सर्वस्वी अयोग्य' असतंच असतं. तसं म्हटल्याशिवाय ते पाडून कर्ज मिळणार कसं? त्याच घराचं वीस वर्षांपूर्वीचं टेरियर काढून पाहा, तिथे ते बहुधा 'सुस्थितीत' असतं. दुसरं, नकाशा हा बेत असतो. पैसे कमी पडले की मागची बाजू, तबेला किंवा दुसरा जिना गळतो. म्हणून हिशेबाशी आणि टाइद मॅपवरच्या आकाराशी तो जुळवा. तिसरं सर्वांत उपयोगाचं: अंदाजपत्रकाच्या शेवटी 'जुन्या मालाची किंमत वजा' अशी ओळ पुष्कळदा असते. जुन्या तुळया, कौलं, दरवाजे नव्या घरात वापरले गेले. गेस्टहाउसच्या न्याहारीच्या खोलीतली काळी पडलेली ओकची तुळई दाखवून 'घर चारशे वर्षांचं' म्हणतात, त्या दाव्याचा निकाल कित्येकदा या एका ओळीत लागतो. तुळईत निरुपयोगी खाचा आणि रिकामी भोकं दिसत असतील तर ती दुसरीकडून आली आहे.

पुढे १८७१ चा डायलॅपिडेशन्स (पडझड) कायदा. पाद्री गेला, मेला किंवा बदलला की घराच्या पडझडीची भरपाई त्याने किंवा त्याच्या वारसांनी द्यायची, हा जुनाच नियम. आता धर्मप्रांताचा सर्व्हेअर येऊन खोलीवार यादी करू लागला. मुलांच्या खोलीतली खिडकीची तुटलेली दोरी, धुण्याच्या खोलीतला तडकलेला तांब्याचा हंडा, तबेल्याचं घसरलेलं कौल, असे बारकावे इथेच मिळतात. कुठली खोली कशासाठी वापरत, हे सांगणारा इतका भरवशाचा कागद दुसरा नाही. विधवेला नवऱ्याच्या मृत्यूनंतर घर सोडायचं आणि वर हे बिल भरायचं, हा त्या व्यवस्थेचा क्रूर भागही याच कागदांत दिसतो.

राहिलं कोण?

पाद्र्यांची नावं सोपी आहेत: १५४० ते १८३५ साठी क्लर्जी डेटाबेस, फुकट, १८५८ पासून क्रॉकफर्डची सूची. पण नेमणूक झाली म्हणजे तो घरात राहिला असं नाही. एकेका पाद्र्याकडे दोन-तीन गावं असत. तो एकीकडे राही, दुसऱ्या घरात क्युरेट (मदतनीस पाद्री) किंवा भाडेकरू. बिशपच्या तपासणीच्या प्रश्नावलीत 'तुम्ही घरात राहता का' हा प्रश्नच असे, ते उत्तर आधी पाहा.

मग जनगणना: १८४१ ते १९२१ दर दहा वर्षांची उपलब्ध आहे. १९३१ ची आगीत गेली, १९४१ ची झालीच नाही. मध्ये १९३९ चं रजिस्टर (युद्धाच्या सुरुवातीला झालेली घरोघरची नोंद) आधाराला. १९११ च्या अर्जात खोल्यांची संख्या आहे: स्वयंपाकघर मोजायचं, मोरी, जिन्याचा चौक, न्हाणीघर नाही. १८५१-६१ च्या नोंदींत 'प्युपिल' म्हणून पाच-सहा मुलगे दिसले तर दचकू नका. कमी उत्पन्नाचे पाद्री विद्यार्थी ठेवून, शिकवून पैसे मिळवत. या घरांत पैसे घेऊन माणसं ठेवण्याची सवय गेस्टहाउसच्या कितीतरी आधीची आहे.

क्रॉकफर्डमध्ये एखाद्यापुढे मुंबईचा चॅप्लेन अशी नोंद दिसली तर मराठी वाचकाला पुढचा माग सोपा आहे. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या एन/३ या मालिकेत आहेत. पुणे, किरकी किंवा नगरच्या छावणीत सेवा करून परतलेल्या पाद्र्याची मुलं कुठे जन्मली, ते जनगणनेतही लिहिलेलं असतं.

विक्री आणि गेस्टहाउसचा काळ

दशांशाची रोकड धान्याच्या भावाला बांधलेली होती. १८७० नंतर भाव कोसळले आणि दहा-बारा खोल्यांचं घर पोसणं जड झालं. पहिल्या महायुद्धानंतर नोकर मिळेनात. १९३६ मध्ये दशांशाची आकारणीच संपली. गावं एकत्र करून एकाच पाद्र्याकडे दिली गेली. चर्चने लहान घरं बांधली, मोठी विकली.

विक्रीखत नीट वाचा, कारण गेस्टहाउसला ते आजही भोवू शकतं. 'रेक्टरी' किंवा 'व्हिकरेज' हे नाव तसंच वापरायचं नाही, धंदा करायचा नाही, दारू विकायची नाही, अशा अटी चर्च सर्रास घालत असे. पाटीवरचं 'ओल्ड' पुष्कळदा अशा अटीतूनच आलेलं असतं. लँड रजिस्ट्रीतून काही पौंडांत नोंदीची प्रत मिळते. अटी तिथे उतरलेल्या असतात.

पाहुण्यांचा काळ लोक दुर्लक्षितात, खरं तर तो सगळ्यात सोपा. नियोजन खात्याच्या परवानग्या १ जुलै १९४८ पासूनच्या, वापर बदलल्याची नोंद तिथे. १९७१ च्या अग्निसुरक्षा कायद्यानंतर सहापेक्षा जास्त माणसं झोपत असतील किंवा कोणी पहिल्या मजल्याच्या वर झोपत असेल, तर दाखला लागू लागला, आणि दाखल्यासोबत खोल्या, दरवाजे, जिने दाखवणारा नकाशा असे. ही पद्धत २००६ मध्ये बंद झाली. मालकांच्या कपाटात तो नकाशा बहुधा पडून असतो, तो मागा. पाहुण्यांच्या वह्या, दरपत्रकं, जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या यांवरून सुरुवातीचं वर्ष पक्कं होतं. घरच्यांना 'इतिहास सांगा' म्हणू नका. 'खोलीत बेसिन कधी बसवलं, ही भिंत कोणी घातली' असं विचारा.

आणि घरालाही विचारा. छताच्या किनारीची नक्षी भिंतीत अर्धवट घुसत असेल तर ती भिंत नंतरची, बहुधा बाथरूमसाठी. बाजूच्या दरवाजालगतची छोटी खोली म्हणजे पाद्र्याची अभ्यासिका. दशांश, दाखले, तक्रारी घेऊन येणारे गावकरी तिथूनच परत जात. बुजवलेली खिडकी दिसली की खिडकीकर आठवतो, पण दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून बांधतानाच आंधळी खिडकी ठेवत. आतून तिथे चौकटीचा माग नसेल तर ती कधी उघडी नव्हतीच.

चौकटीतला कागद

पाहुण्यासाठी एक पान पुरे. प्रत्येक विधानामागे कागद आहे, बांधकामाची खूण आहे की नुसतं ऐकणं, हे तिथेच कळू द्या. भुयार बहुधा गटार निघतं. 'पाद्री लपवायची खोली' अँग्लिकन रेक्टरीत सहसा संभवत नाही; लपत होते ते कॅथलिक पाद्री. मोठ्या माणसाचं नाव घालायचं तर तारीख आणि कारण दोन्ही हवं. कॉर्नवॉलमधल्या सेंट जूलियटच्या रेक्टरीत, जी पुढे घरगुती गेस्टहाउस झाली, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला टॉमस हार्डी ७ मार्च १८७० ला आला तो तिथल्या चर्चच्या डागडुजीची पाहणी करायला, वास्तुविशारदाच्या वतीने; दार उघडायला आली रेक्टरची मेहुणी एमा गिफर्ड, आणि १८७४ मध्ये दोघांचं लग्न झालं. असा दावा टिकतो.

महाराष्ट्रातल्या मिशन बंगल्याचा माग काढायचा असेल तर प्रश्न तोच, दफ्तरं वेगळी. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, स्कॉटिश मिशनचे एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. इथे धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाच्या मिळकतींची नोंद आणि नगर भूमापन कार्यालयातलं मालमत्ता पत्रक पाहा. बंगला छावणीत असेल तर जनरल लँड रजिस्टर. तिथे 'ओल्ड ग्रँट' असा शेरा असेल तर जमीन सरकारची आणि बांधकाम तेवढं धारकाचं, तेव्हा जमिनीचं खरेदीखत शोधण्यात वेळ घालवू नका.